‘घे ना’पासून सुरुवात: ज्यू बायबलभाष्य वाचायचं कसं

हिब्रू बायबलच्या पहिल्या ग्रंथातल्या बाविसाव्या अध्यायात देव अब्राहामाला एक आज्ञा करतो. तिचे पहिले दोन शब्द आहेत ‘कख ना’. ‘कख’ म्हणजे घे. आणि ‘ना’ म्हणजे जवळजवळ आपला ‘ना’च: ये ना, ऐक ना, घे ना यातला. दोन भाषांचा काही संबंध नाही, निव्वळ योगायोग. पण मराठी माणसाला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. भाषांतरात तो बहुधा गळून पडतो. अकराव्या शतकात फ्रान्समधल्या त्र्वा गावच्या एका रब्बीला, म्हणजे ज्यू धर्मपंडिताला, मात्र तो टोचला. देव माणसाकडे पोटच्या मुलाचा बळी मागतोय, आणि हुकूम सोडायच्या ऐवजी आर्जव करतोय?

त्याचं उत्तर असं: ‘ना’ हा विनवणीचा शब्द आहे. देव म्हणतोय, एवढ्या एका परीक्षेत माझ्यासाठी टिकून राहा, नाहीतर लोक म्हणतील की आधीच्या परीक्षांत काही दम नव्हता.

उत्तर पटलं नाही तरी चालेल. प्रश्न दिसला पाहिजे. ज्यू भाष्यपरंपरा दोन हजार वर्षांची आहे, तिच्यात शेकडो नावं आहेत, आणि नवखा माणूस त्या नावांच्या जंगलातच हरवतो. म्हणून इथे सगळा इतिहास क्रमानं न सांगता हा एकच अध्याय घेतो, उत्पत्तीचा बाविसावा. ज्यू लोक या कथेला ‘अकेदा’ म्हणतात, म्हणजे ‘बांधणं’. बळी शेवटी दिला जात नाही, मुलगा वेदीवर बांधला मात्र जातो.

पायरी १: हातात काय घ्यायचं

घरात मराठी बायबल असेल तर त्यातला ‘जुना करार’ काढा, सुरुवातीला तेवढं पुरतं. फक्त दोन गोष्टी लक्षात ठेवा. ज्यू लोक याला ‘जुना करार’ म्हणत नाहीत, तनाख म्हणतात: तोरा म्हणजे पंचग्रंथ, नेविईम म्हणजे संदेष्टे, केतुविम म्हणजे इतर लेखन. त्यांच्या मोजणीत ग्रंथ 24, आणि क्रमही वेगळा. ख्रिस्ती जुना करार मलाखीवर संपतो, तनाख इतिहासाच्या ग्रंथावर. दुसरं, काही ठिकाणी ओळींचे आकडे एकदोननं सरकतात, विशेषतः स्तोत्रांत. संदर्भ जुळला नाही तर वरखाली बघा.

भाष्यांसाठी ‘मिक्राओत गेदोलोत’ नावाची प्रत पाहायची. संस्कृतात एकाच श्लोकाखाली चार-पाच टीका छापलेल्या प्रती ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना ती ओळखीची वाटेल. मध्यभागी मोठ्या अक्षरात मूळ ओळी, शेजारी ‘तार्गुम’ हे अरामी भाषांतर, आणि भोवती वेगवेगळ्या शतकांतले भाष्यकार एकमेकांना खेटून. हा थाट रूढ केला दानिएल बोंबर्ग या छापखानदारानं, व्हेनिसमध्ये, 1516-17 आणि 1524-25 च्या आवृत्त्यांतून. गंमत म्हणजे हा बोंबर्ग अँटवर्पहून आलेला ख्रिस्ती माणूस होता. छापील प्रत मिळाली नाही तर सेफारिया या मोफत संकेतस्थळावर ओळीवर बोट ठेवलं की तिच्यावरची भाष्यं उघडतात, बऱ्याच भाष्यांची इंग्रजी भाषांतरंही आहेत.

छापील पानावर एक अडचण येते. भाष्यं ज्या लिपीत असतात तिला ‘राशी लिपी’ म्हणतात, आणि ती नेहमीच्या हिब्रूहून वेगळी दिसते. राशी म्हणजे सुरुवातीला भेटलेला त्र्वाचा तो रब्बी. त्याचं हस्ताक्षर असं नव्हतं. त्याच्या मृत्यूनंतर पावणेचारशे वर्षांनी, 1475 साली, इटलीतल्या रेज्जो दि कालाब्रियात त्याचं भाष्य छापलं गेलं तेव्हा छापखान्यानं स्पेनकडच्या ज्यूंची हातवळणाची अक्षरं वापरली, आणि नाव चिकटलं. बाळबोध येणाऱ्याला मोडी जशी आधी परकी वाटते आणि मग आठवडाभरात उलगडायला लागते, तसंच हिचं होतं. ज्यांना हिब्रू येतच नाही त्यांनी ही भानगड सोडून द्यावी.

पायरी २: भाष्य झाका आणि ओळ वाचा

ही पायरी सगळेच टाळतात, मीही टाळायचो. थेट भाष्याकडे गेलं की भाष्यकाराचं उत्तर समोर येतं आणि प्रश्न कळतच नाही. मग वाटतं, हा माणूस मनाला येईल ते लिहितोय.

म्हणून एक वही घ्या. दुसरी ओळ हिब्रूच्या शब्दक्रमानं मराठीत अशी होते: ‘घे ना तुझ्या मुलाला, तुझ्या एकुलत्याला, ज्याच्यावर तुझा जीव आहे त्याला, इसहाकाला, आणि मोरिया देशात जा.’ आता जिथे जिथे खटकतं तिथे खूण करा. एकाच मुलाचा उल्लेख चार वेळा कशाला? ‘इसहाकाला घे’ म्हटलं असतं तर भागलं नसतं का? आणि ‘एकुलता’ कसा? अब्राहामाला हागारेपासून झालेला इश्माएल आहे की. नाव सगळ्यात शेवटी का?

पुढे जा. आज्ञा ऐकल्यावर अब्राहाम एक शब्दही बोलत नाही, पहाटे उठून गाढवावर खोगीर घालतो. सदोम शहरासाठी देवाशी घासाघीस करणारा हाच माणूस. सहाव्या आणि आठव्या ओळीत तेच शब्द पुन्हा: ‘आणि ते दोघे बरोबर चालले.’ द्विरुक्ती का? एकोणिसाव्या ओळीत अब्राहाम आपल्या गड्यांकडे परततो. इसहाकाचं नाव नाही. हा शेवटचा खटका वहीत ठळक लिहून ठेवा, त्याकडे परत यायचंय.

या परंपरेचं मुख्य गृहीतकच असं आहे की तोरेत एकही शब्द फुकटचा नाही. पुनरुक्ती, अनावश्यक शब्द, गाळलेली माहिती, दोन ओळींतला विरोध, शेजारीशेजारी आलेल्या असंबद्ध गोष्टी: एवढ्या पाच जागी नजर ठेवली तर भाष्यकार जिथे थांबतात त्यातल्या बहुतेक जागा तुम्हाला आधीच सापडतात.

पायरी ३: आता राशी उघडा

राशी म्हणजे रब्बी श्लोमो यित्सहाकी, 1040 ते 1105. ही नावं आद्याक्षरांची असतात आणि त्यांतून घोटाळे होतात. रांबाम आणि रांबान ही दोन वेगळी माणसं. ‘म’वाला रांबाम म्हणजे मैमोनिदीस, कायदा आणि तत्त्वज्ञानवाला; ‘न’वाला रांबान म्हणजे स्पेनमधल्या जिरोनाचा नाहमानिदीस, तोरेवर सलग भाष्य करणारा. सुरुवातीला मी ही दोन नावं इतक्यांदा उलटसुलट केली की वहीच्या मुखपृष्ठावर लिहून ठेवावं लागलं.

राशीची पद्धत आपल्या टीकाकारांसारखीच: आधी मूळ ओळीतले दोन-तीन शब्द, ज्याला आपण ‘प्रतीक’ म्हणतो, मग त्यावर मोजकं बोलणं. प्रश्न तो सहसा लिहीत नाही. तो आपण शोधायचा. शाळाशाळांतून मुलांना विचारला जाणारा प्रश्न हाच: ‘राशीला इथे काय खटकलं?’

चार वेळा उल्लेख का, यावर राशी जुन्या मिद्राशमधला, म्हणजे रब्बींनी बायबलच्या ओळींवर रचलेल्या कथा-भाष्यांतला, एक संवाद देतो. मूळ ओळीत फक्त देव बोलतोय. मिद्राशनं मधली मोकळी जागा हेरून तिथे अब्राहामाला बोलायला लावलं:

‘तुझ्या मुलाला.’
‘मला दोन मुलगे आहेत.’
‘तुझ्या एकुलत्याला.’
‘हा त्याच्या आईचा एकुलता, तो त्याच्या आईचा एकुलता.’
‘ज्याच्यावर तुझा जीव आहे त्याला.’
‘माझा दोघांवर जीव आहे.’
‘इसहाकाला.’

एका ओळीतले तीन खटके एका झटक्यात सुटले. ‘एकुलता’ हा शब्दही सुटला आणि न बोलणारा अब्राहामही बोलता झाला, तोही वेळकाढूपणा करत. मग राशी विचारतो, देवानं थेट नाव का घेतलं नाही? एकदम सांगितलं असतं तर त्याचं डोकं फिरलं असतं, म्हणून. आणि प्रत्येक शब्दागणिक आज्ञापालनाचं पुण्य मिळावं, म्हणून.

या रीतीला ‘द्राश’ म्हणतात: ओळ उकरून, विचारून अर्थ काढणं. मिद्राश हा शब्द त्याच धातूचा. आणि ओळीचा सरळ, संदर्भातला अर्थ म्हणजे ‘पशात’. तालमूदमध्ये, म्हणजे रब्बींच्या कायदेचर्चांच्या मोठ्या ग्रंथात, एक वचन आहे की कोणतीही ओळ आपला सरळ अर्थ सोडून जात नाही. राशी स्वतः म्हणतो की मी सरळ अर्थ सांगायला आलोय, आणि ओळीतल्या शब्दांना नीट बसवणाऱ्या कथा सांगायला. दुसऱ्या भागामुळे त्याच्या नातवाचा आणि त्याचा वाद झाला.

पायरी ४: दुसरा भाष्यकार शेजारी ठेवा, निदान एक

एकट्या राशीवर थांबलात तर ही परंपरा कळली असं समजू नका. तिचा जीव मतभेदात आहे.

अध्यायाचे पहिले शब्द घ्या: ‘या गोष्टींनंतर.’ कोणत्या गोष्टींनंतर? हिब्रूत ‘दवारिम’ म्हणजे गोष्टी आणि बोलणीही. राशी ‘बोलणी’ धरतो आणि तालमूदमधून दोन उत्तरं देतो. एक, सैतानाच्या बोलण्यानंतर: अब्राहामानं मेजवानी केली पण तुला एक बैलही दिला नाही, असं त्यानं देवाला डिवचलं. दोन, इश्माएलाच्या बोलण्यानंतर: माझी सुंता तेराव्या वर्षी झाली आणि मी विरोध केला नाही, अशी बढाई त्यानं इसहाकापुढे मारली.

राशीचा नातू राशबाम, रब्बी श्मुएल बेन मेईर, हे सगळं बाजूला सारतो. तो म्हणतो, तोरेत जिथे जिथे ‘या गोष्टींनंतर’ येतं तिथे ते आधीच्या प्रसंगाला जोडलेलं असतं. मग आधीचा प्रसंग वाचा ना. एकविसाव्या अध्यायाच्या शेवटी अब्राहामानं पलिष्ट्यांच्या अबीमलेखाशी पिढ्यान्‌पिढ्यांचा तह केला. तो देवाला रुचला नाही. मी दिलेल्या मुलाच्या जोरावर तू त्यांच्या मुलाबाळांशी करार करतोस? ने तर मग त्याला, आणि बघ तुझा करार कुठे राहतो. म्हणजे ज्या प्रसंगाला सगळे अब्राहामाच्या भक्तीचा कळस म्हणतात, तो राशबामच्या लेखी देवाच्या नाराजीतून आलेला छळ आहे. हे लिहिणारा माणूस बंडखोर नव्हता, कर्मठ रब्बी होता. तो दुसऱ्या एका ठिकाणी सांगतो की आजोबांशी माझा वाद झाला आणि त्यांनी कबूल केलं, वेळ असता तर रोज नव्यानं सुचणाऱ्या सरळ अर्थांप्रमाणे मी आणखी भाष्यं लिहिली असती. आजोबांची ही कबुली नातवानं भाष्यातच नोंदवून ठेवली.

रांबानला तिसरंच खटकतं. सर्वज्ञ देवाला परीक्षा घ्यायची गरज काय? त्याचं म्हणणं, परीक्षा देणाऱ्यासाठी असते. मनातलं चांगलेपण कृतीत उतरावं, म्हणजे नुसत्या चांगल्या मनाचं नव्हे, चांगल्या कामाचं फळ मिळतं.

पायरी ५: पान उलटा आणि गणित करा

भाष्यकार अध्यायांच्या भिंती मानत नाहीत. हे अध्यायांचे आकडे तसेही ख्रिस्ती विद्वानांकडून आलेले. तेविसाव्या अध्यायाच्या सुरुवातीला इसहाकाची आई सारा हिचा मृत्यू येतो. अकेदा संपली की लगेच मृत्यू, हे शेजारपण का? राशी मिद्राशच्या आधारे म्हणतो, मुलगा बळी जायला निघाला आणि थोडक्यात वाचला, हे ऐकताच तिचा प्राण उडाला.

आता वहीत मांडा. सारा वारली तेव्हा 127 वर्षांची. इसहाक झाला तेव्हा 90 ची. अकेदा आणि मृत्यू एकाच वेळचे, तर वेदीवरचा इसहाक किती वर्षांचा? 37. चित्रांतला तो कोवळा पोरगा गेला, त्या जागी शंभरी ओलांडलेल्या बापाबरोबर सरपणाची मोळी वाहणारा सदतीस वर्षांचा पुरुष आला. मनात आणलं असतं तर तो सहज पळाला असता. म्हणजे आता त्याचीही परीक्षा.

मग आठवी ओळ वेगळी ऐकू येते. इसहाक विचारतो, कोकरू कुठे आहे? बाप म्हणतो, ‘देव स्वतः पाहील कोकरू होमासाठी, माझ्या मुला.’ मूळ हिब्रूत विरामचिन्हं नव्हती. राशी ओळ तोडून वाचतो: देव कोकरू पाहील, आणि नसलंच, तर ‘होमासाठी, माझा मुलगा’. इसहाकाला कळलं, आणि तरीही ‘ते दोघे बरोबर चालले’, या वेळी एका मनानं. दुसऱ्या खेपेचे तेच शब्द आता पुनरुक्ती राहत नाहीत. मी पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बसलो होतो. पठणासाठीची पारंपरिक स्वरचिन्हं मात्र ‘होमासाठी’नंतर किंचित थांबायला सांगतात, म्हणजे सरळ वाचनाच्या बाजूची आहेत. हेही वहीत लिहा.

आणि लगेच अब्राहाम इब्न एझ्रा वाचा. बाराव्या शतकातला, स्पेनमधल्या तुदेलाचा, आयुष्याच्या उत्तरार्धात इटली, फ्रान्स, लंडन असा भटकत राहिलेला व्याकरणपंडित. तो म्हणतो, 37 हे परंपरेनं आलेलं असेल तर मान्य करू. तर्कानं मात्र पटत नाही. इसहाक राजीखुशीनं गेला असता तर त्याचं पुण्य तोरेत उघड दिसलं असतं आणि फळ बापाहून दुप्पट मिळालं असतं, आणि त्याच्याबद्दल तर चकार शब्द नाही. काही जण पाच म्हणतात, पण पाच वर्षांचं पोर मोळी उचलणार कसं? तेराच्या आसपास असावा. बापानं त्याला जबरदस्तीनं बांधलं. म्हणून तर ‘देव पाहील’ असं उडवून लावलं, खरं सांगितलं असतं तर पोरगा पळाला असता. एकच संवाद, राशीकडे बापलेकांची मूक संमती आणि इब्न एझ्राकडे थाप.

पायरी ६: कायद्याच्या ओळी वेगळ्या वाचा

कथेत कल्पनेला मोकळं रान असतं, कायद्यात नसतं. तिथे नियम लागतात. हिल्लेल या जुन्या पंडिताच्या नावावर सात नियम आहेत, रब्बी इश्माएलच्या नावावर तेरा. हे तेरा सकाळच्या प्रार्थनेत म्हटले जातात. पहिला ‘कल वाहोमेर’, म्हणजे आपला कैमुतिक न्याय: लहान गोष्टीला जे लागू, ते मोठीला तर नक्कीच. ज्याच्या हातून तोरा आली त्या मोशेची बहीण मिर्याम हिला कोड फुटतं तेव्हा देव म्हणतो, बाप तिच्या तोंडावर थुंकला असता तर ती सात दिवस लाजून दूर राहिली नसती का? मग देवाच्या रागाचे किती? रब्बी म्हणतात चौदा व्हायला हवे. पण ओळीत सातच आहेत, यावरून मर्यादाही निघते: मूळ उदाहरणात जेवढं आहे त्याहून जास्त निष्कर्षात आणायचं नाही. दुसरा नियम, दोन ठिकाणी तोच शब्द आला तर एका ठिकाणचा कायदा दुसरीकडे नेणं. हा हत्यारासारखा धोकादायक म्हणून अट घातली, की गुरूकडून आलेला असल्याशिवाय स्वतःच्या डोक्यानं लावायचा नाही.

सगळ्यात गाजलेलं उदाहरण निर्गम या तोरेच्या दुसऱ्या ग्रंथातलं ‘डोळ्याबद्दल डोळा’. तालमूद म्हणतं: पैशांची भरपाई. कसं? आंधळ्यानं कुणाचा डोळा फोडला तर त्याचा काय फोडणार? आणि गणना ग्रंथात खुन्याच्या जिवाबद्दल खंडणी घेऊ नका असं आहे. मग जिवाबद्दल नाही म्हटलंय, अवयवाबद्दल घ्यायची असाच अर्थ झाला. दहाव्या शतकात बगदादकडचा सादिया गाओन विचारतो, फटक्यानं एक तृतीयांश दृष्टी गेली तर मोजून तेवढीच घालवणारा फटका मारणार कसा? ‘डोळा म्हणजे खराच डोळा’ म्हणणारे रब्बी एलिएझेरही त्याच तालमूदच्या पानावर नोंदलेले आहेत.

नियम किती ताणायचे यावरही भांडण होतं. तेरा नियमांवाले रब्बी इश्माएल म्हणायचे, तोरा माणसांच्या भाषेत बोलते. त्यांच्याच काळातले रब्बी अकिवा साध्या अव्ययातूनही अर्थ काढायचे. तालमूदमध्येच एक गोष्ट आहे: मोशे अकिवाच्या वर्गात आठव्या रांगेमागे जाऊन बसला आणि त्याला काडीचं कळेना. मग एका शिष्यानं विचारलं, हे कुठून आलं? अकिवा म्हणाले, सिनाय पर्वतावर मोशेला मिळालं. तेव्हा कुठे मोशेचा जीव भांड्यात पडला.

पायरी ७: ‘पारदेस’ सगळ्यात शेवटी

नवख्यांना पहिल्याच दिवशी चार पातळ्या शिकवतात: पशात, रेमेज म्हणजे सूचित अर्थ, द्राश, आणि सोद म्हणजे गूढ अर्थ, आद्याक्षरं मिळून पारदेस, फळबाग. माझ्या मते ही घाई आहे. ही चौकट तेराव्या शतकाच्या अखेरीची. राशी तिला ओळखत नव्हता. प्रत्येक ओळीचे चार अर्थ काढायला बसलात तर भाष्य वाचायचं सोडून रकाने भराल.

पायरी ८: आठवड्याचा क्रम

तोरेचे 54 पाठ आहेत, वर्षभरात ती पूर्ण वाचली जाते. अकेदा ‘वायेरा’ या पाठात येते, साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरात. शिवाय ज्यू नववर्षाच्या दुसऱ्या दिवशीही. जुना दंडक: मूळ दोनदा वाचा, तार्गुम एकदा. मूळ येत नसेल तर दोन वेगळी भाषांतरं घ्या. ती जिथे जुळत नाहीत तिथे बहुधा खटका असतोच. शक्य असेल तर जोडीनं वाचा, याला ‘हावरुता’ म्हणतात. जोडीदार तुमच्या मताचा नसलेला बरा. नेहामा लाइबोविट्झ या जेरुसलेमच्या शिक्षिकेनं 1942 पासून जवळपास तीस वर्षं दर आठवड्याला प्रश्नपत्रिका काढल्या, लोक टपालानं उत्तरं पाठवत आणि त्या तपासून परत करत. प्रश्न बहुतेक याच जातीचे: राशीला काय खटकलं, आणि रांबानला ते का पटलं नाही?

मराठीतून सुरुवात करायची असेल तर एक वाट आपल्या दाराशीच आहे. वल्हांडणाच्या, म्हणजे मिसरातून सुटकेच्या सणाच्या, रात्री वाचायची हागादा 1874 साली पुण्यात हिब्रू आणि मराठीत छापली गेली, बेने इस्रायली या मराठी बोलणाऱ्या ज्यू लोकांसाठी. हागादेचा गाभा म्हणजे ‘अनुवाद’ नावाच्या तोरेच्या पाचव्या ग्रंथातल्या चार ओळींवरचं शब्दाशब्दाचं मिद्राश. ‘आमचे कष्ट’ या शब्दांपुढे ती म्हणते: हे म्हणजे मुलगे. का, तर मिसरचा राजा फारो यानं जन्मलेला प्रत्येक मुलगा नदीत टाकायला सांगितला होता. याच समाजानं एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अब्राहाम, योसेफ यांच्या कथांवर मराठी कीर्तनंही रचली.

आता वहीतला तो ठळक खटका. एकोणिसावी ओळ, परत येणारा एकटा अब्राहाम. इसहाक कुठे गेला? इब्न एझ्रा म्हणतो, बापाबरोबरच होता, बापाचं नाव आलं त्यात मुलगा आलाच. आणि बापानं त्याला खरंच मारलं व तो मागून जिवंत झाला असं म्हणणारे ओळीच्या उलट बोलतात. म्हणजे असं म्हणणारेही होते. मिद्राश म्हणतं, बापानं त्याला नोहाचा मुलगा शेम याच्याकडे तोरा शिकायला पाठवला. तुमचं उत्तर लिहा, पण आधी चोविसावा अध्याय उघडा आणि इसहाक पुढे पहिल्यांदा दिसतो ती ओळ शोधा. बासष्टावी आहे. तो कुठून येतोय ते तिथे लिहिलंय, आणि ती जागा मोरिया नाही.